‘दाहिने’ आणि ‘मुड’च्या मधले तात्या

आमचे तात्या नऊवारीत फार शोभून दिसत. थट्टा म्हणून सांगत नाही. कुठकुठल्या बायकांनी तसं लेखी कळवलेलं आहे. ‘ताई, तुमची उंची छान आहे, काष्टा अगदी उठून दिसतो,’ असा अभिप्राय एकीने सिंगापूरहून पाठवला होता. तो मी वाचून दाखवला, तेव्हा साठी कधीच ओलांडलेले, झुपकेदार मिशांचे, पी.टी.चे निवृत्त मास्तर असलेले आमचे तात्या खुर्चीतच ताठ झाले आणि मावशीला म्हणाले, "ऐकलंस? उंचीचं म्हणताहेत."

तात्या म्हणजे माझ्या थोरल्या मावशीचे यजमान. अलिबागच्या खाली, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या एका गावात त्यांचं घर, मागे नारळ-पोफळीची वाडी. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर कवायत शिकवली. कवायतीबद्दल त्यांचा एक सिद्धान्त होता. ‘दाहिने’ म्हटल्यानंतर आणि ‘मुड’ म्हणायच्या आधी जी जागा असते, ती खरी कवायत. बाकी नुसतं वळणं. ते बैलालाही येतं. "मधली जागा खाऊ नका रे!" असं ते मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडत. "त्या जागेत माणूस ठरवतो की आपण वळणार आहोत!" मे महिन्याच्या सुट्टीत मी मावशीकडे गेलो की अंगणात माझीही कवायत होई. तात्या ‘दाहिनेऽऽ’ म्हणत आणि माडावरच्या घारीकडे बघत उभे राहत. ‘मुड’ येईल तेव्हा येई. तोवर मी घामाने निथळत ठरवत असे की पुढच्या सुट्टीत यायचं नाही.

ही मधली जागा त्यांनी घरातही आणली होती. ताट वाढलं, पाणी फिरवून झालं, की तात्या ताटाकडे बघत बसत. पायरी उतरताना पायरीकडे बघत. आंघोळीला जाताना दारात थबकत, हातात पंचा, चेहऱ्यावर विचार. मावशीने त्यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. ती स्वयंपाकघरातून नुसती हाक द्यायची, "अहो, मुड!" आणि तात्या आज्ञाधारकपणे पहिला घास घेत, पायरी उतरत, आंघोळीला जात. त्या घरात ‘जेवा आता’, ‘उठा’, ‘झोपायला चला’ या सगळ्यांना मिळून तो एकच शब्द होता. पाहुण्यांना वाटे, या बाईचं डोकं फिरलंय.

मुंबईहून लाँचने रेवसला उतरताना तर आमची अब्रू जाई. लाँच धक्क्याला लागली की लोक एकमेकांच्या पाठीत कोपरं घालत उतरतात. तात्या काठावर उभे राहत आणि पाण्याकडे बघत. मागे शंभर माणसं, डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं.

"ओ काका, चला ना! घर बांधताय का इथे?"

"थांब रे. लाट खाली आहे. वर येऊ दे."

धक्क्यावर दोर धरून उभा असलेला खलाशी त्यांचाच जुना विद्यार्थी असायचा. त्या किनाऱ्यावर कोण नव्हता? तो म्हणे, "मास्तर, टाका पाय, मी हाय ना! भरती काय तुमच्यासाठी थांबाची न्हाय."

"तू अजून मधली जागा खातोस," तात्या त्याला शांतपणे सांगत, आणि लाटेने लाँच धक्क्याच्या उंचीला आणली की आरामात पाऊल टाकत. मी मात्र दरवेळी त्यांच्या आधी उडी मारली आणि एकदा पायातली चप्पल खाडीला दिली.

मावशीचं तसं नव्हतं. मावशी म्हणजे सतत ‘मुड’. साडी नेसवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. लग्न असो, मंगळागौर असो, गौरी असोत, पंचक्रोशीतल्या पोरींना नऊवारी नेसवायला मावशी. पुढे पोरी पुण्याला गेल्या, परदेशी गेल्या आणि तिथून फोन करू लागल्या. "मावशी, निऱ्या घातल्या, आता ओचा कसा काढू?" मावशी फोनवर सांगायची, "अगं, पोटाशी धर, वर ओढ, नि खोच. नाही, नाही, ते नव्हे, दुसरं टोक!" सातासमुद्रापलीकडचं दुसरं टोक तिला दिसत नसे, आणि इकडे आमटी ओट्यावर उतू जाई. तेव्हा घरात ठरलं की मावशीची एक वेबसाइट काढायची.

‘घरात ठरलं’ याचा अर्थ मी काढायची. कुटुंबात एकाला कॉम्प्युटर येतो असा बोभाटा झाला की त्याचं उरलेलं आयुष्य कुटुंबाच्या मालकीचं होतं. मला कॉम्प्युटर येत नाही. मी पनवेलच्या एका कचेरीत नोकरी करतो आणि कोणे एके काळी सासऱ्यांचा प्रिंटर चालू करून दिला होता. तेवढ्यावर गेली कित्येक वर्षं मी दर रविवारी कुणाचा तरी फोन, कुणाचा तरी पासवर्ड, कुणाचं तरी आधार दुरुस्त करत हिंडतो आहे. पाठ गेली, चष्म्याचा नंबर वाढला, बोभाटा काही कमी होत नाही.

मी मावशीला सुचवलं की प्रत्येक पायरीचे फोटो काढू आणि त्यांची हलती चित्रं करू, ती जिफ म्हणतात तसली. एकामागून एक फोटो लावायचे, कुठला किती वेळ दिसावा ते सांगायचं, शेवटचा संपला की पुन्हा पहिला. आवाज नाही, बटण नाही, आपोआप फिरत राहतं. मावशीला ते आवडलं. फक्त नेसवून घ्यायला उभं कोण राहणार? शेजारची वनिता एकदा उभी राहिली, पण कॅमेरा समोर आला की ती इतकी हसे की निऱ्या गळून पडत. मावशीची लेक प्राजू पुण्याला. मावशी स्वतः उभी राहील तर नेसवणार कोण?

तात्या झोपाळ्यावर बसून हे ऐकत होते. बराच वेळ त्यांनी नारळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला उभं राहता येतं. आयुष्यभर तेच केलंय."

मावशी म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"डोकं कापा ना फोटोत. नाहीतरी या घरात माझं डोकं लागतं कशाला?"

तर असे तात्या माझ्या आजीचं हिरवं लुगडं नेसून स्टीलच्या कपाटासमोर उभे राहिले. कॅमेरा गळ्याखाली. मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. हातावरच्या केसांचं काय करायचं यावर चर्चा झाली, आणि मावशीने लांब बाह्यांचं पोलकं शिवलं. पहिल्या दिवशी काही जमेना. "जरा वळा", "तिकडे नव्हे, इकडे", "पाय जरा लांब करा" असं मावशी म्हणे आणि तात्या गोंधळून जात. शेवटी तेच म्हणाले, "अगं, मला मराठीत कशाला सांगतेस? माझ्या भाषेत सांग."

मग गाडं रुळाला लागलं. निऱ्यांना सावधान. काष्टा पायांमधून मागे घ्यायचा, तेव्हा विश्राम, कारण विश्रामात पाय हवे तेवढेच लांब होतात. ओचा दाखवायला दाहिने मुड, मागचा खोचा दाखवायला पीछे मुड. मावशी तोंडात सेफ्टी पिना धरून हुकूम सोडत होती, तात्या लुगड्यात ते पाळत होते, आणि प्रत्येक हुकमाच्या मध्ये तीच ती जागा. मी मात्र घामाघूम. फोटो जुळवताना मावशी शेजारी बसून मला सांगे, "इथे जास्त वेळ ठेव, इथे पोरी चुकतात. इथे थोडं. इथे उगाच नको." प्रत्येक चित्राला त्याचा त्याचा थांबा मिळाला.

एक थांबा मात्र पोरींसाठी नव्हता. तात्यांचा उजवा गुडघा गेलेला होता. पीछे मुड करून झालं की तो कळ मारी, आणि ते नकळत कपाटावर हात टेकून उभे राहत. तो फोटो वगळू या, मी म्हटलं. मावशी म्हणाली, "राहू दे. आणि तिथे जरा जास्तच वेळ ठेव. त्यांना लागतो तेवढा." चित्रातल्या गुडघ्याला विश्रांतीची गरज नसते, हे मी तिला समजावलं नाही. मी आधीच दमलो होतो.

पुढे साइट चालली. बायकांनी ती हात टेकण्याची जागासुद्धा उचलली. एकीने लिहिलं, ‘काष्टा खोचल्यावर कपाटाचा आधार घेऊन थांबायचं, म्हणजे निऱ्या बसतात, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.’ मावशीला हसू आवरेना. तात्या मात्र गंभीर झाले. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. थांबल्यावर सगळंच बसतं." मग बऱ्याच जणींचे कपाटावर हात टेकलेले फोटो येऊ लागले. नऊवारी नेसल्यावर कपाट लागतं अशी एक समजूत आम्ही जगात सोडून दिली, ती अशी.

मागच्या वर्षी आंबे उतरायच्या सुमारास तात्या गेले. दुपारी झोपाळ्यावर बसले होते. मावशीने आतून "अहो, मुड" म्हणून चहाला हाक मारली, आणि ते उठले नाहीत. शाळेने मैदानावर मुलं उभी केली. आताचे हेडमास्तर तात्यांचेच विद्यार्थी. त्यांनी ‘सावधान’ म्हटलं, मान खाली घातली, आणि नंतर ‘विश्राम’ म्हणायचं त्यांना सुचेना. मुलं उभी. आम्ही उभे. ऊन डोक्यावर. कुणी हलेना. शेवटी शिपायाने जाऊन घंटा वाजवली. घरी येताना मावशी एवढंच म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं."

पावसाळा संपला आणि तक्रारी आल्या. साइट उघडत नाही. पान पांढरं राहतं, मध्ये एक चकली गोल फिरत बसते. मंडपात ऐन वेळी फोन काढणाऱ्या पोरींचा धीर सुटे आणि त्या दुसरीकडे जात. मी बघितलं तर आमची हलती चित्रं अवाढव्य जड होती. जिफ बिचारं प्रत्येक फोटो पाठीवर वाहून नेतं. मागचं कपाट तसूभर हललेलं नसलं तरी तेही दरवेळी घेऊन चालतं. गावातल्या नेटवर्कला तो बोजा ओढवेना.

प्राजू पुण्याहून आली आणि तिने मार्ग काढला. "आई, सगळं काढून टाकू. चांगली मॉडेल घेऊ, नवीन शूट करू. आता ते जुने फोटो कोण बघतं?"

मावशी सुपारी कातरत होती. कातरता कातरता म्हणाली, "नवीन कर. जुनं राहू दे."

"अगं, पण ते उघडत नाही ना! दोन्ही ठेवून काय करायचं? बायका परत जातात, तुझंच नाव खराब होतं."

मावशीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. तात्यांचे भिंतीवर एक, निरोपसमारंभाचे काही, असे फोटो होते. पण हलणारे तात्या जगात एवढेच. डोकं नसलेले, लुगड्यातले. आणि मूळ फोटो? ते ज्या कार्डावर होते ते कार्ड आमच्या खाऱ्या हवेने खाल्लं. ती बिजागऱ्या खाते, सायकली खाते, तिला कार्ड काय. साइटवर होतं तेवढंच उरलेलं. ती चित्रं हलकी झाली नाहीत तर दिवाळीनंतर प्राजू ती उतरवणार, आणि तिचं चुकतही नव्हतं.

म्हणून मी पुन्हा रविवार घातले. वाचलं, विचारलं, आणि कळलं की हल्ली लोक या चित्रांच्या जागी छोटे व्हिडिओ लावतात. तसेच मुके, तसेच आपोआप सुरू होणारे, तसेच संपले की पुन्हा पहिल्यापासून. पण व्हिडिओ शहाणा असतो. मागच्या चित्रापासून काय बदललं तेवढंच तो लक्षात ठेवतो. कपाट एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाही. म्हणजे जड हत्तीचं वासरू करून तेच काम. मला फार आनंद झाला. एका संध्याकाळी सगळी चित्रं एका फुकटच्या सॉफ्टवेअरच्या साच्यातून काढली, साइटवर चढवली आणि मावशीच्या हातात फोन दिला.

"हे काय?" मावशी म्हणाली. "ह्यांच्या पोटावर हे बटण कशाला?"

तात्यांच्या पोटावर, ऐन ओच्यावर, एक पांढरा त्रिकोण बसला होता. व्हिडिओत आवाज नाही एवढं पुरत नाही, तो मुका आहे असं लिहून द्यावं लागतं. मगच फोन त्याला आपणहून चालू देतो. मी ते लिहून द्यायला विसरलो होतो. लिहून दिलं. त्रिकोण गेला. पान चटकन उघडलं, आणि तात्या हलू लागले.

हलू लागले म्हणजे गरगरा फिरू लागले. सावधान, विश्राम, दाहिने, पीछे, पुन्हा सावधान, जत्रेतल्या भिंगरीसारखे. साच्याने सगळ्या चित्रांना सारखाच वेळ वाटून टाकला होता. थांबे गेले होते. कपाटावरचा हात तर लागला-सुटला, दिसलाही नाही.

प्राजू हसली. मीही हसलो असतो, पण मावशीकडे बघितलं आणि थांबलो.

"हे ते नव्हेत," ती म्हणाली. फोन तिने उताणा माझ्याकडे सरकवला. "असे कधी वळले होते का रे ते? काढून टाक बाबा. प्राजू म्हणते तेच कर."

मी तिला म्हटलं, "मावशी, मला फक्त सांग, कुठे किती थांबायचं. मी परत लावतो."

"मला काय आठवतंय आता."

"तू हुकूम दे."

 तिने मांडीवरचा अडकित्ता खाली ठेवला, पदर सावरला, आणि समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "साऽवधान." आवाज अगदी बारीक. मी बोट दाबून चित्र धरून ठेवलं. ती पुढचं म्हणेपर्यंत धरायचं, एवढंच माझं काम. "दाहिनेऽऽ..." म्हणाली आणि गप्प बसली. बाहेर वाडीत झावळी पडल्याचा आवाज झाला. प्राजूने माझ्याकडे बघितलं. मी चित्र सोडलं नाही. "...मुड."

तशी सगळी कवायत झाली. निऱ्या, ओचा, काष्टा, पदर. मध्ये वीज गेली, ती यायची वाट बघितली. पीछे मुडला आलो तेव्हा तिने हुकूम दिला आणि पुढचा देईना. मी धरून बसलो. बोट अवघडलं. शेवटी विचारलं, "झालं का गं?"

"थांब रे," मावशी म्हणाली. "अजून गुडघा दुखतोय त्यांचा."

प्राजू उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी घासून झालेलीच होती. आम्ही उरलेलं पुरं केलं तेव्हा ती परत आली, फोन हातात घेतला, तात्यांना दोन-तीनदा पुरते फिरू दिलं, आणि म्हणाली, "हे आधी ठेव. माझं नवीन शूट खाली टाकू."

पुढे माझ्या भाच्याने मला सांगितलं की जुन्या जिफमध्ये ते सगळे थांबे होतेच. एक खूण केली असती तर आपोआप आले असते. "मामा, पाच मिनिटांचं काम होतं!" मावशीला हे मी सांगितलेलं नाही. भाच्यालाही ताकीद दिली आहे. कुटुंबाचा कॉम्प्युटर त्याच्या गळ्यात घालायला मी टपलेलोच आहे, पण हे एक काम माझ्या नावावर राहू दे.

गेल्या महिन्यात माणगावला एका लग्नाला मी मावशीला घेऊन गेलो. लांबचं नातं, वऱ्हाड अफाट, उकाडा भयंकर. मावशीने मला वरच्या मजल्यावर नेलं. वधूच्या खोलीत तिला आहेर द्यायचा होता. दार अर्धवट उघडं होतं. आत नवरी नव्हती. तिची कुणीतरी करवली, आम्ही कधी न पाहिलेली पोरगी, एकटीच नऊवारी नेसत होती. आरशाच्या खाली फोन टेकवून ठेवलेला, आणि फोनमध्ये हिरव्या लुगड्यातले तात्या.

पोरीच्या निऱ्या वाकड्या आल्या होत्या. ओचा एका बाजूला गेला होता. मावशीच्या हाताला एरवी एवढ्यात खाज सुटायची. रस्त्यातल्या अनोळखी बाईचा काष्टाही तिने थांबवून नीट केलेला मी पाहिला आहे. ती उंबऱ्याशी उभी राहिली.

पोरीने काष्टा मागे खोचला, फोनकडे बघून आमच्याकडे पाठ केली, आणि शेजारच्या लोखंडी कपाटावर उजवा हात टेकून थांबली.

जिन्यातून कुणीतरी ओरडलं, "अगं, चल ना! अक्षता वाटताहेत!"

"आले! इथे थांबायचं असतं जरा."

फोनमध्ये तात्या थांबले होते. कपाटाशी ती थांबली होती. मी घामाने निथळत तिसराच कुणी उभा. खालून सनई, वाढप्यांची आरडाओरड, सगळं चालू होतं. मावशी हातातल्या आहेराच्या पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडवत होती.

मग अगदी हळू, त्या पोरीला ऐकू जाईल न जाईल असं, ती म्हणाली, "मुड."

आणि पोरगी वळली.